तिसऱ्या मजल्याची चावी

१८ फेब्रुवारी

सुरुवात कशी करायची यातच दोन कागद फुकट गेले. 'आई' लिहिलं आणि खोडलं. 'बाई' लिहिलं तर शाळेतल्या बाईंना रजेचा अर्ज लिहितेय असं वाटायला लागलं. तेव्हा मायना राहू दे. पत्र तुम्हालाच आहे, पाकिटावर पत्ता आहेच.

पत्ता आत्यानं दिला. मी मागितला नव्हता. मला बघायला दवाखान्यात आली, बाळाच्या मुठीत बोट अडकवून बसली आणि मध्येच पर्समधून घडी घातलेला कागद काढून म्हणाली, "हा तुझ्या आईचा पत्ता. घर बदललं की कळवते ती. तुझे बाबा होते तोवर गप्प बसले, आता कुणापासून लपवू?" एवढी वर्षं तिनं मला वाढवलं, पण या बाबतीत पोटातलं कधी ओठावर येऊ दिलं नाही.

तर कळवायचं हे की तुम्हाला नात झाली आहे. सहा आठवड्यांची आहे. नाव ठरायचं आहे, तोवर आम्ही तिला भोंगा म्हणतो. का ते विचारू नका. आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिलात तरी तुमचं तुम्हालाच कळेल.

मी लिफ्ट दुरुस्त करते, हे आत्यानं कळवलं असेल. नसेल तर आता कळलं. या भोंग्याची वेळही माझ्या कामावरच भरली. एका ऑफिसच्या इमारतीत दोन लिफ्ट आहेत. त्यातल्या जुन्या लिफ्टची मोटर काढायला आम्ही गेलो होतो, आम्ही म्हणजे मी आणि उस्ताद. उस्तादांनीच मला हे काम शिकवलं. मला रजेवर जायला चारच दिवस उरले होते, म्हणून त्यांनी मला शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट वरखाली करते त्या पोकळीत, उतरू दिलं नाही, वर मशीन रूममध्ये स्टुलावर बसवून ठेवलं होतं. आमच्यात एक नियम असतो. कामाला हात लावण्याआधी त्या लिफ्टचा मेन स्विच बंद करायचा आणि त्याला प्रत्येकानं आपापलं कुलूप घालायचं. चावी ज्याची त्याच्या खिशात. आत माणूस असताना कुणी चुकून वीज सुरू करू नये म्हणून. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, साहेब आला तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही. माझं कुलूप लाल आहे. ते मी लावलं आणि कळा सुरू झाल्या.

उस्तादांनी मला टॅक्सीत घातलं. कुलूप तिथं राहिलं, चावी माझ्या पँटच्या खिशात दवाखान्यात आली. नवी मोटर यायला अजून अवकाश आहे, तोवर ती लिफ्ट तशीही बंदच असणार. म्हणून कुणाला घाई नाही.

आता जे विचारायला हे सगळं लिहिलं ते. तुम्ही गेलात तेव्हा मी चार महिन्यांची होते म्हणे. मला कारणं नकोत, कारणं आत्यानंच मला लहानपणी शोधून शोधून सांगितली, दर वेळी वेगळी. मला एवढंच विचारायचं आहे की हे जमतं कसं? दार उघडायचं, बाहेर पडायचं, दार ओढून घ्यायचं. हात चालतो कसा?

कळावे. लोभाचं काही लिहीत नाही.

६ मार्च

तुमचं उत्तर मिळालं. 'बाळ कसं आहे? तू वेळेवर जेवतेस ना?' बस्स. मी दोन्ही बाजूंनी कागद भरला आणि तुम्ही एक ओळ पाठवलीत. तीही पेन्सिलीनं.

जेवते. उभ्यानं, एका हातानं, गार झालेलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, माझ्या प्रश्नाचं राहिलं.

बाळ छान आहे. तिचा आवाज बसत नाही हे डॉक्टरांनासुद्धा विशेष वाटलं. काल मी तिला पहिल्यांदा बाहेर नेलं, म्हणजे लस द्यायला नेतो तसं नाही, उगाच, हिंडायला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. हसा. सगळे हसतात. बाबागाडी खाली जिन्याखाली ठेवायची म्हटलं तर दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर तिथं पाटी लावून बसलेत, 'येथे वाहने उभी करू नयेत'. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांना फळा लागतो. तेव्हा गाडी घरातच ठेवते. आधी गाडी खाली नेली, ती नेईपर्यंत वर भोंगा वाजायला लागला. मग वर आले, तिला घेतलं, खाली गेले, तर दुपटं वर राहिलं. मग तिला घेऊनच पुन्हा वर. आम्ही रस्त्यावर पोचलो तेव्हा मला घाम आला होता आणि तिला भूक लागली होती.

औषधाच्या दुकानात गेले. रांगेत तीन बायका होत्या आणि तिघींनी तीन निदानं केली. एक म्हणाली भूक आहे, एक म्हणाली गॅस आहे, तिसरी माझ्याकडे बघून म्हणाली, "टोपी कुठाय?" जणू टोपी घातली की बाळं रडत नाहीत. मला पुरळावरचं मलम हवं होतं. ते न मागताच रांग सोडली. तशीच परत आले. जिन्यावर मास्तर भेटले. त्यांनी गाडीकडे बघितलं, भोंग्याकडे बघितलं आणि कानात कापूस घातल्यासारखा चेहरा करून बाजूला झाले.

घरी येऊन दार लावलं आणि दाराला पाठ लावून बसले. बाहेर जमत नाही आणि घर खायला उठतं. दोन खोल्या आहेत. मी त्यात खिडकीपासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून खिडकीपर्यंत तिला खांद्यावर घेऊन फिरते. खिडकीतून समोरची भिंत दिसते, त्या भिंतीवरच्या पाइपाला कुठे कुठे गंज चढलाय ते मला पाठ झालंय. मला गंजाशी काही घेणंदेणं नाही हो, पण बघायला दुसरं काही नाही.

नवरा बस चालवतो. पहाटे जातो आणि आला की पाय पसरून म्हणतो, "अगं, ती झोपली की तूही झोपत जा."

"आणि ती नाही झोपली तर?"

"मग खेळव तिला."

माणूस वाईट नाही. त्याला खरंच वाटतं की त्यानं उपाय सांगितला.

उस्तादांचा फोन आला होता. मोटर आली म्हणाले. मी म्हटलं, "चावी पाठवून देऊ का कुणाबरोबर?" तर म्हणाले, "चावीला पाय आहेत का? तुझं कुलूप, तूच ये." मी म्हटलं, येते. कशी येणार ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

तुमच्या नातीची आई

१४ मार्च

घाईत लिहितेय. सगळं ठीक आहे. परवा दुपारी ती झोपली होती तेव्हा जरा खाली दूध आणायला गेले होते, लगेच आले. मधल्या वेळात ती उठली आणि मास्तरांना ऐकू गेलं, एवढंच. आत्याचा तुम्हाला फोन आला आणि मास्तरांचं काही बोलली तर त्यात विशेष काही नाही. आत्या कालच मास्तरांशी बोलली, ती इमारतीत कुणाशीही बोलते, गुडघ्यांमुळे तीन मजले चढवत नाहीत म्हणून दुसऱ्यावरच बसून राहते.

तुम्हाला हे का लिहितेय मला माहीत नाही. विचारलं कुणी होतं?

१६ मार्च

दूध आणायला गेले नव्हते.

परवाचं पत्र टाकून आले आणि तेव्हापासून ते पेटीतून परत कसं काढता येईल याचा विचार करतेय. काढता येत नाही. म्हणून हे दुसरं लिहिते. आता अहो-जाहो सोडते, एवढं सांगायचं तर 'तुम्ही' कुठून आणू?

मी तिला पाजलं. ती झोपली. तिला पलंगाच्या मधोमध ठेवलं, दोन्ही बाजूंना उशा लावल्या. मग कामावरची पँट घातली. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच घातली, बटण लागेना, वरून सैल शर्ट सोडला. लाल कुलपाची चावी खिशात होतीच. घराची चावी घेतली. दार ओढलं. आई, हात चालतो. मी तुला विचारलं होतं ना, ते मला कळलं. हाताला काहीच वाटत नाही.

स्टॉपवर गेले. स्वतःला सांगत होते की कुलूप काढायला निघालेय, कामाचं आहे, पटकन जाऊन पटकन येते. पहिली बस नवऱ्याच्या मार्गाची आली, ती सोडली. दुसऱ्या मार्गाच्या बसमध्ये चढले. यावरून तूच बघ, डोकं ताळ्यावर होतं. खिडकीपाशी जागा मिळाली. शेजारी कुणी नाही. माझ्या अंगाला कुणाचा हात नाही, तोंड नाही, वास नाही. मी मांडीवर हात ठेवून बसले होते आणि ते हात रिकामे होते. मला इतकं बरं वाटलं की रडू आलं. ऑफिसची ती इमारत आली आणि गेली. मी उतरले नाही. तेव्हा कुलपाचं निमित्तही संपलं.

शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. तिथं समोर मोठा रस्ता होता, दुसऱ्या गावांना जाणाऱ्या गाड्या लागल्या होत्या, वर पाट्या होत्या. मी एकेक पाटी वाचत होते. परत यायचं माझ्या मनात नव्हतं. हे मला स्पष्ट लिहायला हवं, नाहीतर परवासारखं होईल. मनात नव्हतं. पण तिच्या पिण्याची वेळ झाली असणार, कारण एकदम शर्ट समोरून ओला झाला. दोन्हीकडून. एक माणूस माझ्याकडे बघून पटकन दुसरीकडे बघायला लागला. मला मायेचा उमाळा वगैरे आला नाही गं, लाज वाटली. आणि त्या लाजेपाठोपाठ पाय पळायलाच लागले. परतीच्या बसचा ड्रायव्हर जेवायला गेला होता. टॅक्सी केली.

जिन्यात रडण्याचा आवाज नव्हता. भोंगा नाही. मी दुसऱ्या मजल्यावर आले आणि कठडा धरून थांबले. मग वरून मास्तरांचा आवाज ऐकू आला. ते आमच्या दाराशी, पायरीवर, वर्तमानपत्र घेऊन बसले होते आणि दाराच्या फटीतून मोठ्यानं बातम्या वाचून दाखवत होते. संथपणे, एकेक शब्द. पाणीपुरवठा, बाजारभाव, पुलाचं काम. दाराला कुलूप, चावी माझ्याकडे. त्यांना दुसरं काय करता येणार होतं?

मला बघून उठले. रागावतील असं वाटलं. म्हणाले, "आवाज ऐकला की थांबते. पण खेळाचं पान वाचलं तेव्हा फार रडली, म्हणून मग ते सोडलं."

मी कुलपात चावी घालायला गेले तर ती भोकात बसेना. आता हात चालेना, बघ. त्यांनी चावी माझ्या हातातून घेतली, दार उघडलं, पण आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "बाई, दुसरी चावी करून घ्या." आणि खाली निघून गेले. आत्यालाही त्यांनी काही सांगितलं नव्हतं. मी उगाच घाबरून तुला खोटं लिहिलं.

ती उशांच्या मधे होती. चेहरा लाल, हुंदके देत होती, पण पुलाच्या कामाची पुढची बातमी ऐकायला थांबल्यासारखी दाराकडे बघत होती.

मला माझी भीती वाटते. तुझ्यावरचा राग मी इतकी वर्षं जपून ठेवला होता, आता तो कुठे ठेवू? खरं सांग. तूही पटकन येते म्हणूनच निघाली होतीस का?

३ एप्रिल

तुझं उत्तर आलेलं नाही. येईल तेव्हा येईल, मी लिहिणार.

नवऱ्याला सांगितलं. सगळं, दुसऱ्या मार्गाच्या बससकट. मला वाटलं होतं आरडाओरडा करेल, मग मीही करेन, मग संपेल. तो उठून बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला. बाहेर आला तेव्हा डोळे सुजले होते. म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "रोज सांगत होते." दुसऱ्या दिवशी डेपोत जाऊन पाळी बदलून आला. आता दुपारी घरी असतो. काल तिला खेळवायला बसला आणि मी झोपून उठले तर हाच घामाघूम. "ही कधी थांबते?" म्हणाला. मी म्हटलं, "ती झोपली की तूही झोपत जा." दोघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

लस देणाऱ्या नर्सबाईंनाही सांगितलं. त्यांनी मला शेजारच्या खोलीत डॉक्टरीणबाईंकडे नेऊन बसवलं. त्या म्हणाल्या, हे पुष्कळ जणींना होतं, याला औषध आहे, आठवड्याला एकदा यायचं. पुष्कळ जणींना होतं तर कुणी बोलत का नाही, मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही तरी कुठे बोलत होतात?" तुझ्या वेळी अशी खोली होती की नाही कोण जाणे.

आणि मी कुलूप काढून आले. भोंग्याला घेऊन गेले, ओढणीनं छातीशी बांधून, बाबागाडीच्या भानगडीतच पडले नाही. टोपी घातली होती, औषधाच्या रांगेतल्या त्या बाईंच्या समाधानासाठी. बसमध्ये ती वाजली. सगळे बघत होते. मी म्हटलं, बघा. नेहमीचाच भोंगा आहे.

मशीन रूमला शेवटचा जिना लोखंडी आहे, उस्ताद खाली उतरून आले आणि तिला माझ्याकडून घेऊन पुढे चढले. पोरं धरायची सवय नाही, हातात तेलाचा डबा धरावा तशी धरली होती. दुसरी लिफ्ट चालू होती, तिची मोटर घुमत होती, आणि भोंगा गप्प! डोळे मोठे करून ऐकत होती. उस्ताद म्हणाले, "ही आपल्यातली आहे."

माझं लाल कुलूप स्विचला होतं तसंच. त्यावर धूळ होती. कडीवर कटरच्या दातांचे दोन ओरखडे होते. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "मोटर आली त्या आठवड्यात आपल्या ऑफिसनं कटर घेऊन माणूस पाठवला. मी परत पाठवला. मग पुन्हा पाठवला, त्यानं मला न विचारता लावून बघितला, त्याला शिव्या दिल्या."

"अहो, कापायचं होतं की. नियमात बसतं, माणूस आजारी असेल तर."

"तू काय मेली होतीस? माणूस जिवंत आहे, चावी तिच्या खिशात आहे. कुलूप कापायचं कशाला? थांबायचं." मग तिला माझ्या खांद्यावर देत म्हणाले, "कापलं असतं तर तू आली असतीस का इथवर?"

मी चावी घातली. घट्ट झालं होतं, तेलाचे दोन थेंब सोडले, मग फिरलं. मी काढल्यावर उस्तादांनी स्विच टाकला आणि नवी मोटर पहिल्यांदा सुरू झाली. मी भोंग्याच्या टोपीत तोंड घालून रडले. उस्ताद मोटरकडे बघत राहिले. त्यांना माणसं रडली की यंत्रं तपासायची सवय आहे.

१२ एप्रिल

तुझं पत्र आलं. या वेळी पेनानं, चारही बाजू भरलेल्या.

तू लिहिलंयस की तू बटणं आणायला निघाली होतीस. माझ्या झबल्याची. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचतेय. आत्याच्या इतक्या कारणांत बटणं कधीच नव्हती.

आणि तू परत आली होतीस. तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी. खाली समोरच्या बाजूला उभी राहिलीस. खिडकीत दिवा होता आणि मी रडत नव्हते. तू लिहितेस, 'रोज संध्याकाळी तू रडायचीस. त्या दिवशी रडत नव्हतीस. मला वाटलं, हिला जमलं माझ्यावाचून. मग वर येऊन पुन्हा कशाला विस्कटायचं.' आणि निघून गेलीस. पुढे दर घराचा पत्ता कळवत राहिलीस, म्हणजे मी बोलावलं तर सापडावीस.

किती वेंधळी आहेस गं. मी गप्प होते म्हणजे कुणीतरी काहीतरी करत असणार. आत्याला विचारलं मी. ती म्हणाली, "ते तीन दिवस मी तुला घेऊन नळापाशी बसायचे. पाण्याचा आवाज ऐकला की थांबायचीस." एवढंच होतं ते. बाळ गप्प असलं म्हणजे त्याचं भागलंय असं नसतं. कुणी दारातून बातम्या वाचत असतं, कुणी नळ सोडून बसलेलं असतं. माझी पोरगी दाराकडे बघत होती, आई. मीही बघत असणार. तू जिना चढून वर यायला हवं होतंस.

मी अजून रागावलेली आहे, हे तुला कळावं म्हणून लिहिते. तो राग एका पत्रानं जायचा नाही. तू ये, मग समोर बसून भांडू. नवरा म्हणतो की त्याला दुपारी आणखी दोन हात मिळाले तर तो नाही म्हणणार नाही. मास्तरांनी जिन्याखालची पाटी काढली, आता तिथं बाबागाडी असते. संध्याकाळी ते वर येऊन तुझ्या नातीला पेपर वाचून दाखवतात. खेळाचं पान अजूनही चालत नाही.

आत्यानं तुझ्या जाण्याबद्दल कधी काही धरून ठेवलं नाही, बाबांनी मात्र ठेवलं, आणि मी तर सगळ्यात जास्त. पण उस्तादांचं ऐकल्यापासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय. तूही माझ्यावर तसंच कुलूप घालून गेलीस आणि चावी घेऊन गेलीस. दुसऱ्या कुणाला ते काढता आलं नाही, आत्यानं एवढं करूनही नाही. माणूस जिवंत आहे तोवर मी ते कापणार नाही.

मास्तरांनी सांगितलं तशी मी चावी करून घेतली. एक त्यांच्याकडे असते, खिळ्याला लावलेली. एक नवऱ्याकडे. तिसरी या पाकिटात आहे, पत्र काढताना जमिनीवर पडली असेल तर उचल.

तिसरा मजला, जिना चढून डावीकडे. खाली उभी राहून ऐकत बसू नकोस. दार वाजवू नकोस, भोंगा उठतो. चावी लाव आणि सरळ आत ये.

तुझी मुलगी